पाचव्या मिनिटाला बंद पडणारं मशीन

ताई,
माझी लेक थ्रीडी अ‍ॅनिमेशन शिकते. तिच्या डेस्कटॉपमध्ये आय५-१२४०० प्रोसेसर आहे. महिन्याभरापूर्वी आम्ही त्यात आरटीएक्स ४०७० सुपर हे ग्राफिक कार्ड बसवून घेतलं. पॉवर सप्लाय मात्र आधीच्या मशीनमधला, आठ वर्षं जुना, ४५० वॅटचाच ठेवला. कार्डाला दोन केबल लागत होत्या आणि सप्लायला एकच होती, म्हणून मशीन जोडून देणाऱ्याने हार्ड डिस्कच्या वायरीला एक जोडवायर लावून दुसरी तयार करून दिली. तेव्हापासून गंमत अशी की ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तासभर रेंडर (म्हणजे अंतिम चित्रं बनवण्याचं काम) चालू असला तरी काही होत नाही, पण रात्री गेम लावला की पाचेक मिनिटांत मशीन धप्पकन बंद. निळा स्क्रीन नाही, कसला संदेश नाही. मागचं बटण बंद करून थोडं थांबल्याशिवाय परत सुरूही होत नाही. जोडून देणारा म्हणतो, ४५० भरपूर आहेत, गेममध्येच खोट असेल. भाचा म्हणतो, मावशी, सरळ हजार वॅटचा घे. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरने ४६७ सांगितले. कार्डाच्या खोक्यावर ६५० लिहिलंय. नक्की किती वॅटचा घ्यायचा? हजाराचा घेतला तर वीजबिल दुप्पट येईल का? आणि घरात ६०० व्हीएचा यूपीएस आहे, तो पुरेल का? सप्लायवरच्या स्टिकरचा फोटो सोबत जोडला आहे.
चार आकड्यांत अडकलेली आई

*

आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. मशीन बंद करा, भिंतीतली पिन काढा आणि ती जोडवायर उपटून बाजूला ठेवा. आजच. तिच्याशिवाय ग्राफिक कार्ड चालणार नाही, म्हणून कार्डही काढून ठेवावं लागेल. हरकत नाही. तुमच्या प्रोसेसरच्या नंबरापुढे ‘एफ’ हे अक्षर नसेल, तर त्याच्या पोटात छोटंसं ग्राफिक्स आहे. मॉनिटरची केबल मदरबोर्डवरच्या एचडीएमआयमध्ये लावली की स्क्रीन दिसेल. लेक चार दिवस कुरकुर करेल. करू द्या.

एवढी घाई कशासाठी, ते सांगते. हार्ड डिस्कला जाणाऱ्या त्या चपट्या सॅटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येक पिनेची झेप दीड अँपिअरची. तीन पिनांचे साडेचार अँपिअर, गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे ५४ वॅट. तुमचं कार्ड पूर्ण जोरात २२० वॅट ओढतं. त्यातले मदरबोर्डच्या स्लॉटमधून फार तर ७५ मिळतात. उरलेले १४५ दोन केबलींनी समसमान वाटून घेतले असं धरलं, तरी त्या जोडवायरीच्या वाट्याला ७२ येतात. ५४ चा कनेक्टर आणि ७२ चा भार. त्या कनेक्टरचं प्लॅस्टिक पिवळं पडलंय का, जरा उजेडात धरून बघा. आणि आठ पिनांच्या ज्या कनेक्टरचं सोंग ही वायर घेते, त्याच्याकडून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. डिस्क चालवायला केलेली वायर आहे ती, तिच्याकडून हे काम करवून घेणाऱ्याला मी पुन्हा मशीन दाखवणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. चार जणांनी चार आकडे सांगितले म्हणून तुम्ही वैतागलात, पण त्यातले तीन आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. गोंधळ एवढाच की प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. कॅल्क्युलेटर सांगतोय की मशीन साधारण किती ओढेल. खोक्यावरचा ६५० सांगतो की हे कार्ड दणकट प्रोसेसरसोबत बसवलं आणि सप्लाय फारसा चांगला नसला, तरी निभावेल असा आकडा कोणता. भाचा सांगतोय की विचारच करायचा नसेल तर काय घ्यावं. आणि जोडून देणाऱ्याचा ४५० हा त्याच्या हाताशी जे होतं त्याचा आकडा आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे आधी पाय मोजायचे आणि मग अंथरूण घ्यायचं. तुमचे मोजू या.

प्रोसेसरपासून सुरुवात करते, कारण पहिली फसगत तिथेच होते. आय५-१२४०० च्या माहितीत ६५ वॅट असा आकडा ठळक दिसतो. तो मूळ वेगाने काम चाललेलं असतानाचा आहे. जोर लावला की हाच प्रोसेसर ११७ वॅटपर्यंत जातो, आणि हा आकडाही इंटेलच छापते, ‘मॅक्सिमम टर्बो पॉवर’ या नावाने, दोन ओळी खाली. मोठ्या भावंडांत हे अंतर आणखी वाढतं: आय९-१४९००के वर १२५ लिहिलेलं असतं आणि कमाल २५३. एएमडीकडेही तेच, फक्त माप थोडं आवरतं. रायझन ५ ७६०० चा टीडीपी, म्हणजे ठळक छापलेला आकडा, ६५ वॅट, पण मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत घ्यायची त्याला मुभा आहे. तेव्हा कुणी ‘प्रोसेसर तर ६५ वॅटचाच’ म्हणालं की दुसरा आकडा विचारायचा.

तुमचे ११७ धरा. ग्राफिक कार्डाचे २२०. हे दोन सोडले तर बाकी सगळं किरकोळ आहे. मदरबोर्ड, मेमरीच्या दोन पट्ट्या, एखादी एसएसडी, एक फिरणारी डिस्क, चार पंखे आणि लेकीचा तो रंगीत दिव्यांचा कीबोर्ड, सगळ्यांचे मिळून ६०-७० वॅट धरले तर रगड. पंखा एक-दोन वॅट घेतो आणि लोक पंख्यांचाच हिशेब सगळ्यात बारकाईने मांडतात. एकूण बेरीज ४०० च्या थोडी वर. कॅल्क्युलेटरने यात आपली भर घालून ४६७ केले असणार.

मग ४०० ला ४५० का पुरले नाहीत? जोडून देणाऱ्याचं गणित वरवर बरोबरच दिसतं की.

इथे तुम्ही पाठवलेला फोटो कामी आला. फोटो पाठवल्याबद्दल खरंच आभार. निम्मी पत्रं ‘काळ्या रंगाचा आहे’ एवढ्या वर्णनावर येतात. स्टिकरवर ‘४५०’ बोटभर उंचीचं छापलंय, ते झाकून ठेवा. खाली बारीक अक्षरांत एक तक्ता आहे. त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने आहेत आणि प्रत्येकाखाली अँपिअरचा आकडा. १२ व्होल्टच्या खाली लिहिलंय २५. पंचवीस बारे तीनशे. म्हणजे तुमच्या ४५० वॅटच्या सप्लायकडे १२ व्होल्टवर द्यायला फक्त ३०० वॅट आहेत. उरलेले दीडशेच्या आसपास ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाटणीला गेलेत, आणि आजच्या मशीनमध्ये त्यांना फारसं गिऱ्हाईक नाही. स्टिकर खोटं बोलत नाही. फक्त विचारल्याशिवाय सांगत नाही.

हे असं का, तर जुन्या काळी प्रोसेसरचं पोट ५ आणि ३.३ व्होल्टवर भरायचं. सन २००० मध्ये सप्लाय कसा असावा ते सांगणारा एटीएक्स१२व्ही नावाचा ठराव आला, प्रोसेसरला १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची केबल मिळाली, आणि तिथून भार १२ व्होल्टकडे सरकत गेला. आज प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघेही जवळजवळ सगळं तिथूनच घेतात. पण ५ व्होल्टवर ढीगभर अँपिअर दाखवून बेरीज फुगवायची जुन्या धाटणीची रचना स्वस्त सप्लायांत राहून गेली. चांगल्या आधुनिक ६५० च्या सप्लायवर १२ व्होल्टखाली ५४ अँपिअर लिहिलेले दिसतात. बाराने गुणलं तर ६४८. जवळपास सगळे वॅट जिथे लागतात तिथेच. दुसरं काही नाही बघितलं तरी चालेल, पण ही एक ओळ वाचून गुणाकार केल्याशिवाय सप्लाय घेऊ नका. ज्याच्यावर हा तक्ताच नाही, तो हातातून खाली ठेवा.

तुमच्याकडे १२ व्होल्टवरचे दोन मोठे गिऱ्हाईक म्हणजे ११७ अधिक २२०, ३३७. देणारा ३०० चा, तोही आठ वर्षं झिजलेला. आता रेंडर आणि गेमचं कोडं सुटतं का बघा. ब्लेंडर ग्राफिक कार्डावर रेंडर करतो तेव्हा प्रोसेसर बराचसा मोकळा असतो. कार्ड दोनशेच्या घरात एका लयीत चालतं आणि बेरीज तीनशेच्या आत राहते. गेममध्ये दोघेही एकदम जुंपले जातात. शिवाय गेमचा भार एका लयीत नसतो. दार उघडलं, स्फोट झाला, मेनू आला, प्रत्येक वेळी कार्ड झटकन खाली-वर होतं.

या झटक्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण कॅल्क्युलेटरला ते दिसत नाहीत. २२० वॅट हा सरासरीचा आकडा आहे. त्या सरासरीच्या आत, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळापुरतं, कार्ड त्याच्या दीडपट-दुपटीची मागणी करून परत खाली येतं. घरातल्या साध्या वॉटमीटरवर हे कळतच नाही, त्याचा काटा एवढा चपळ नसतो. सप्लायच्या आतल्या रक्षक सर्किटला मात्र कळतं. त्याला वाटतं, कुठेतरी गडबड झाली, आणि तो फाटक बंद करतो. असं कुलूप पडलं की बऱ्याच सप्लायांत मागचं बटण बंद करून आतले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ द्यावा लागतो. तुम्ही लिहिलेली लक्षणं हुबेहूब हीच आहेत. प्रोसेसर तापला असता किंवा ड्रायव्हर बिघडला असता, तर मशीन आधी अडखळलं असतं, स्क्रीन निळा झाला असता, किंवा ते आपोआप परत सुरू झालं असतं. गेम बिचारा निर्दोष आहे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तुम्हाला ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडेल. ती बघून लोक घाबरतात. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद झालं, आणि ते तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंच आहे.

२०२० च्या सुमाराला आलेल्या कार्डांनी हे झटके फार वाढवले आणि चांगले ठणठणीत सप्लायही कुलूप लावून बसू लागले. शेवटी २०२२ मध्ये इंटेलने एटीएक्स ३.० हा नवा ठराव आणला. त्यात नव्या कार्डांसाठी बनवलेल्या सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुप्पट मागणी १०० मायक्रोसेकंदांपुरती, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरती, न कुरकुरता सोसावी अशी अट आहे. पुढच्या वर्षी त्याचीच सुधारून ३.१ आवृत्ती आली. त्यामुळे आज नवा सप्लाय घेताना वॅटइतकंच हे बघायचं: खोक्यावर ‘एटीएक्स ३.०’ किंवा ‘३.१’ आहे का. असेल तर झटक्यांसाठी वेगळे दोनशे वॅट राखून ठेवायची गरज उरत नाही.

आता उत्तर देते. ४०० च्या बेरजेवर तीस ते पन्नास टक्के मोकळे ठेवायचे. म्हणजे ५२० ते ६००. या मापाचा बाजारात सहज मिळणारा पुढचा आकडा ६५०. तुम्ही ६५० वॅटचा, एटीएक्स ३.१ चा, बऱ्या बनावटीचा सप्लाय घ्या. खोक्यावर लिहिलेलाच आकडा निघाला, हे खरं, पण आता तो का निघाला ते तुम्हाला माहीत आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत लेक आणखी मोठं कार्ड घेणार हे नक्की असेल तर ७५०. ‘घेईलही कदाचित’ एवढंच असेल तर ६५० वरच थांबा.

तीस-पन्नास टक्के मोकळे का, असं भाचा विचारेल. सप्लाय सतत काठोकाठ भरून चालला की तो तापतो, पंखा ओरडतो आणि आतले कपॅसिटर लवकर सुकतात. अर्ध्या ते पाऊण भारावर तो शांत असतो. रात्री बाजूच्या खोलीत झोपणाऱ्यांनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा.

ज्यांच्याकडे दुसरी कार्डं आहेत त्यांच्यासाठी ओझरतं सांगते. आरटीएक्स ४०६० फक्त ११५ वॅट घेतं आणि त्याला ५५० पुरेसे होतात. ४०९० चे ४५० वॅट, त्याला ८५० तरी हवेत. ५०९० एकटं ५७५ घेतं आणि तिथे भाच्याचा हजार हा खालचा आकडा ठरतो. आणि ज्याच्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक कार्डच नाही, फक्त हिशेब आणि पत्रव्यवहार चालतो, त्याचं मशीन बहुतेक वेळ शंभर वॅटच्याही खाली असतं. त्याने चांगला ४०० चा घ्यावा आणि या सदराच्या पुढच्या पत्राकडे वळावं.

हजाराचा घेतला तर वीजबिल? नाही वाढणार. सप्लायवरचा आकडा हा देण्याची ताकद आहे. तो किती देणार, हे मशीन ठरवतं. मशीनला १५० लागले तर ६५० चाही १५० देतो आणि हजाराचाही १५० देतो. दोघे भिंतीतून थोडे जास्त घेतात आणि तेवढी उष्णता म्हणून फुकट घालवतात. ही गळती किती, ते ‘८० प्लस’च्या बिल्ल्यावरून कळतं. ही चाचणी २००४ पासून आहे. साधा बिल्ला म्हणजे किमान ८० टक्के वीज कामाला आली. ११५ व्होल्टवर होणाऱ्या मोजणीत अर्ध्या भाराला ब्राँझचे ८५ आणि गोल्डचे ९०. मशीन ३०० वॅट वापरत असेल तर ब्राँझ भिंतीतून ३५३ घेईल, गोल्ड ३३३. फरक वीस वॅटचा. रोज चार तास असं चाललं तर वर्षाला २९ युनिट. तुमच्या बिलावरचा दर लावून गुणा आणि गोल्डसाठी किती जास्त मोजायचे ते ठरवा. माझं विचाराल तर रोज तासन्तास रेंडर होणार असेल तिथे गोल्ड घ्यावा, नाहीतर चांगला ब्राँझ काही वाईट नाही. हजाराच्या सप्लायची खरी अडचण वेगळीच: मशीन नुसतं चालू असताना ५०-६० वॅटच लागतात, म्हणजे त्याच्या क्षमतेचे पाच-सहा टक्के, आणि इतक्या कमी भारावर सप्लायची कार्यक्षमता घसरते. शिवाय पैसे जास्त जातात ते जातातच.

आणि एक सांगते, बिल्ला कार्यक्षमतेचा आहे, प्रकृतीचा नाही. तो आत किती चांगले कपॅसिटर आहेत, व्होल्टेज किती स्थिर राहतं, शॉर्ट झालं तर सप्लाय स्वतः मरताना मदरबोर्डाला घेऊन जातो की नाही, याबद्दल अवाक्षर काढत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असे गोल्डवाले मी पाहिलेत. म्हणून खोक्यावर संरक्षणांची यादी वाचा: जादा व्होल्टेज, कमी व्होल्टेज, जादा करंट, जादा भार, शॉर्ट सर्किट, जादा तापमान. सहाही असावीत. पूर्ण वॅट किती तापमानाला मिळतात हेही काही जण लिहितात. ४० किंवा ५० अंश लिहिलं असेल तर बरं, २५ लिहिलं असेल तर तो आकडा थंड खोलीतला आहे आणि कॅबिनेटच्या आत थंड खोली नसते. हमी किती वर्षांची, हा मला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. सात किंवा दहा वर्षांची हमी देणारा आपल्या कपॅसिटरवर पैज लावतोय. एका वर्षाची देणाराही लावतोय, पण फार कमी.

यूपीएसचं उत्तर छोटं आणि नकाराचं आहे. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसवर वॅटचा आकडा वेगळा, बहुतेक वेळा ३६० छापलेला असतो. तुमच्या मशीनला जोरात असताना ४०० लागले तर गळती धरून भिंतीतून साडेचारशेच्या आसपास, वर मॉनिटर. वीज गेली आणि लेक गेममध्ये असली तर यूपीएसही त्याच क्षणी मान टाकेल. साधं काम चालू असताना मात्र तो खुशाल पुरेल. नवा घेताना वॅटचा आकडा बघा आणि शक्यतो साइन वेव्हचा घ्या, कारण नव्या सप्लायांतलं पीएफसी सर्किट (भिंतीतून वीज समतोल ओढली जाईल असं बघणारं) आणि स्वस्त यूपीएसची पायऱ्या-पायऱ्यांची लहर यांचं प्रत्येक वेळी जमतंच असं नाही.

सप्लाय घरी आला की बसवताना एक चूक होऊ देऊ नका. ती मी केली आहे, म्हणून जोर देऊन सांगते. नव्या सप्लायच्या केबली बऱ्याचदा सुट्या निघतात. मला एकदा वाटलं, जुन्या सप्लायच्या केबली आधीच छान बांधून ठेवल्या आहेत, त्याच नव्याला लावू. टोक अगदी बरोबर बसलं, ‘टक्’ असा आवाजही आला. चालू केलं आणि माझी दोन टीबीची डिस्क एका सेकंदात गेली, वर जळका वास. डिस्ककडच्या टोकाला ठरलेलं माप आहे, पण सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनेत किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असू शकतं. जुन्या सप्लायबरोबर त्याच्या सगळ्या केबलीही बाहेर काढायच्या, एकही मागे ठेवायची नाही.

ग्राफिक कार्डासाठी एटीएक्स ३.१ च्या सप्लायसोबत १२व्ही-२×६ नावाची एकच केबल येते, ती थेट कार्डात लावा. कार्डाच्या खोक्यातलं दोन तोंडांचं जोडटोक मग लागणार नाही. ती शेवटपर्यंत बसली पाहिजे. कार्ड आणि कनेक्टर यांच्यामध्ये फट दिसता कामा नये, आणि लगेच काटकोनात वाकवू नका. २०२२ च्या शेवटी ४०९० च्या कार्डांवर याच्या आधीच्या धाटणीचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या, तेव्हा अर्धवट बसलेला कनेक्टर हे नेहमी आढळणारं कारण असल्याचं एनव्हिडियाने सांगितलं होतं. २×६ मध्ये खुणेच्या चार बारीक पिना मुद्दाम आखूड केल्या आहेत, म्हणजे टोक पूर्ण बसल्याशिवाय कार्ड भार मागणारच नाही. तरीही टॉर्च मारून बघा.

घेण्याआधी कॅबिनेटमध्ये टेप धरून जागा मोजा. साध्या एटीएक्स सप्लायची रुंदी १५० आणि उंची ८६ मिलिमीटर ठरलेली असते, खोली मात्र १४० पासून पुढे कितीही. मागे डिस्कचा पिंजरा असेल तर १६० चा सप्लाय बसतो पण केबलीला वळायला जागा उरत नाही.

जुना सप्लाय ‘आत काय आहे बघू’ म्हणून भाच्याला उघडू देऊ नका. आतला मोठा कपॅसिटर पिन काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून बसतो. तो तसाच ई-कचऱ्यात द्या.

सगळं बसलं की आधी रेंडर लावू नका, तो तर आधीही चालतच होता. लेकीला तोच गेम लावायला सांगा आणि घड्याळ बघत शेजारी बसा. पाच मिनिटं गेली, वीस गेली, तर सुटलात. तरीही बंद पडलं, तर या वेळी ते कसं बंद पडलं तेवढं नीट बघून लिहा: एकदम काळोख झाला की आधी पंखे ओरडले, आणि मागचं बटण लागलं की आपोआप सुरू झालं.